गवतात किल्ली शोधणारी माणसं

परवाच्या रविवारी मी चारचौघांत टाळी वाजवायची सोडून खुर्ची वाजवली. गाणं संपलं, आजूबाजूच्या लोकांचे हात वर आले आणि माझा एकट्याचा खाली गेला. प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बोटांच्या पेरांनी ठक ठक ठक. टाळ्या थांबल्या तरी माझं चालूच. वय बावन्न, डोक्यावर केस मोजके, अंगात मुलीनं दिलेला लाल स्वेटर. असा माणूस खुर्ची ठोकायला लागला की लोकांना आधी त्याच्या तब्येतीची शंका येते.

पुढच्या रांगेतला कानात बाळी घातलेला तरुण वळला. “काका, काही पडलं का?”

“नाही” म्हणायचं आणि गप्प बसायचं. साध्या माणसाला हे जमतं. मी म्हणालो, “किल्ली.”

का म्हणालो ते मला तेव्हा कळलं नाही. तो शब्द जिभेखाली पंचवीस वर्षं दबा धरून बसला असावा. तरुणानं मोबाइलचा दिवा लावला आणि तो खाली वाकला. त्याच्या शेजारची मुलगी वाकली. मग आमच्या मागची अख्खी रांग वाकली.

“गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे,” माझी बायको नंदा कानाशी म्हणाली.

“घराची,” मी पुटपुटलो.

“घराचीही माझ्याच पर्समध्ये आहे. तुमच्याकडे किल्ल्या मी कधीपासून द्यायला लागले?”

पण तोवर फार उशीर झाला होता. सात-आठ दिवे खुर्च्यांच्या पायांतून फिरत होते. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसून चपला बाजूला सारत होते. मी त्या वाकलेल्या पाठी बघत राहिलो. त्या पाठी माझ्या ओळखीच्या होत्या.

गाणारा माणूस माइककडे झुकला. “मागं कसली शोधाशोध चाललीय?”

“काकांची किल्ली हरवली,” बाळीवाल्यानं सांगितलं.

गाणारा हसला. गळ्यातली दोरी त्यानं उगाच चाचपली. “किल्लीचं नाव माझ्यासमोर काढू नका,” तो म्हणाला. “थांबा, ह्यावरून एक सांगतो.”

तो गाणारा म्हणजे मिलिंद. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याच्याशी एक खोटं बोललो होतो आणि ते आजवर त्याला सांगितलं नव्हतं. तो आता कुठली गोष्ट सांगणार हे मला माहीत होतं. त्या गोष्टीत मी होतो. माझा एक खिसाही होता, पण तो फक्त मला माहीत होता.

हॉल म्हणायचं एवढंच. सातपूरच्या कारखान्यांच्या गल्लीत एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या वरचा मजला. लोखंडी जिना, वर पत्रे, भिंतींना जुन्या गोधड्या लटकवलेल्या. यंत्रांच्या तेलाचा वास फरशीत मुरलेला. महिन्यातल्या एका रविवारी चार वाजता इथं कुणी ना कुणी गातं. नंदाच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला सांगितलं, “मिलिंद म्हणून आहेत, एसी दुरुस्त करतात आणि स्वतःची गाणी म्हणतात.” नंदा घरी येऊन म्हणाली, “अहो, आपले मिलिंदभाऊ. जायचं.” मी म्हणालो, थंडी फार आहे. ती म्हणाली, स्वेटर आहे. आमच्या घरातला वाद साधारण एवढ्यावर संपतो.

थंडीचं म्हणाल तर मी खोटं बोलत नव्हतो. नाशिकची थंडी मला सोसत नाही. म्हणजे अंगाला सोसते. पण मार्गशीर्ष लागला, सकाळी दिंडोरी रस्त्यानं जाताना बागांवर पांढरट पदर दिसायला लागला, छाटणी होऊन दोन महिने झालेल्या वेलींवर मण्यांचे घोस धरले की माझ्या आत कुणीतरी पाय न वाजवता चालायला लागतं. दरवर्षी. मुलीला वाटतं बाबांना थंडीत उदास व्हायचा आजार आहे. तिनं इंटरनेटवर त्याचं नावही शोधून काढलंय.

तेव्हा मी त्या दिंडोरी रस्त्यालाच, एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होतो. पॅकहाउस म्हणजे द्राक्षं निवडायची, खोक्यात भरायची, गार करायची आणि परदेशी पाठवायची, त्याची शेड. जानेवारी ते एप्रिल तिथं उभं राहायला जागा नसे. नंतर आठ महिने चिटपाखरू नाही. पांढरा कोट, डोक्याला जाळी आणि हातात किल्ल्यांचा जुडगा, ही माझी त्या आठ महिन्यांतली सगळी सत्ता. माझ्या अमलाखाली सातशे प्लास्टिकचे क्रेट, खोक्यांच्या पुठ्ठ्यांची एक भिंत आणि अगणित उंदीर होते.

मिलिंद तिथल्या गार खोलीच्या मशीनचा ऑपरेटर. ऑफ-सीझनला तो मशीन खोलून साफ करायचा. कालव्यापलीकडच्या वस्तीत राहायचा, सायकलनं दहा मिनिटं. गणपती उठल्यानंतरच्या एका दुपारी तो दाराचं रबर तपासायला आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. मी बाहेर उभा. आतून काहीच ऐकू येईना. मला वाटलं हा गुदमरला. घाबरून दार उघडलं तर वाफ बाहेर यावी तसा त्याचा आवाज माझ्या अंगावर आला. तो एकटाच गात होता. त्याचे डोळे मिटलेले होते, हातात ग्रीसचा डबा.

“दार लाव रे,” तो म्हणाला. “चालू आहे अजून.”

असं ते सुरू झालं. त्या खोलीच्या भिंती जाड, पत्र्याच्या, आत फोम भरलेला. आतला आवाज बाहेर जात नसे आणि मालकांचा बंगला हाकेवर असून त्यांना पत्ता लागत नसे. दर रविवारी तीनला. मिलिंद पेटी घेऊन यायचा. तिच्या दोन पट्ट्या बोलत नसत, त्या दोन सुरांना वळसा घालून त्यानं सगळी गाणी बांधली होती. गाड्यांना रंग मारणारा अन्वर ढोलक वाजवायचा. त्याच्या नखांना कायम कुठल्या तरी गाडीचा रंग. आधी ऐकायला मी आणि दोन वॉचमन. दिवाळीपर्यंत चाळीस माणसं झाली. वस्तीतली पोरं, कॉलेजातले काही, पिंपळगावहून टेम्पो घेऊन येणारे दोघं जण. बसायला उलटे क्रेट. भिंतीला पुठ्ठे लावून ठेवलेले, नाहीतर पत्र्यावरून आवाज टोलवला जाई. द्राक्षांच्या खोक्यांत गंधकाचे कागद घालतात, त्यांचा वास खोलीत वर्षभर राहिलेला. त्यामुळे पहिल्या गाण्याला साथ नेहमी खोकल्याची.

दार बंद, माणसं चाळीस. तीन गाण्यांत आतली हवा संपायची. मग मी दार उघडायचो, सगळे घामाघूम बाहेर, ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्यावर येऊन उभे राहायचे आणि समोरच्या बागेतला वारा खायचे. नाशिक जिल्ह्यातली सगळ्यांत गरम जागा म्हणजे आमचं शीतगृह.

टाळीला बंदी होती. कुणी ठरवली नव्हती, पण टाळी वाजवली की ती पत्र्यावरून थोबाडीत मारल्यासारखी परत यायची. म्हणून गाणं संपलं की बसल्या जागी क्रेटवर पेरांनी ठकठकायचं. चाळीस क्रेट एकदम वाजले की दूरवर गाडी पुलावरून जातेय असं वाटे. मिलिंद तेवढा वेळ खाली बघत राही. लाजायचा.

तो काय गायचा? वडिलांकडून आलेली गाणी गायचा, आणि मग स्वतःची. नळावर उभ्या असलेल्या बादल्यांचं एक. कारखान्याच्या भोंग्यानं झोपमोड होणाऱ्या बाळाचं एक. मला गाण्यातलं कळत नाही, आजही कळत नाही. मी दाराचा माणूस. पण त्याचा आवाज वर चढताना मध्येच थोडा फाटायचा, आणि त्या फटीतून मला कायम वाटायचं की आत अजून एक खोली आहे आणि तिची किल्ली माझ्या जुडग्यात नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. नंदा मनमाडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी मी तिला म्हणालो, चल, एक गंमत दाखवतो. आत आली, क्रेटवर बसली, दार बंद झालं. तिनं हळूच विचारलं, “सिनेमाला नेतो म्हणून फ्रीजमध्ये का आणलंत?” पण दुसऱ्या रविवारी ती माझ्याआधी तयार होती. मिलिंद तिला वहिनी म्हणायचा आणि मला सुपरवायझर. “सुपरवायझर, दार. सुपरवायझर, हवा.” वहिनीसाठी मात्र तो पुसलेला क्रेट ठेवायचा.

एक माणूस येत नव्हता. मिलिंदचे वडील. तो त्यांना दादा म्हणे, बाकी सगळे मास्तर. वस्तीतल्या गायन पार्टीचे मास्तर. आयुष्यभर चौकाचौकांत, मांडवांत, उघड्यावर बाबासाहेबांची गाणी गायलेला माणूस. आता दम्यानं आवाज गेला होता. ते मिलिंदला म्हणायचे, “दार लावून कसलं गाणं? गाणं लोकांत म्हणायचं असतं. दार लावून माणूस जेवतो.” मिलिंद हसून सांगायचा, पण ते त्याला लागलेलं असायचं. मशीन पुसता पुसता एकदा म्हणाला, “दादांनी माझं स्वतःचं एकही गाणं अजून ऐकलेलं नाही रे. घरी म्हणायला लागलो की उठून बाहेर जातात.”

आणि मग डिसेंबरात एके सोमवारी तो धावत ऑफिसात आला. “येणार म्हणाले. ह्या रविवारी.”

त्याच शनिवारी धाकट्या शेठनी मला बोलावलं. धाकटे शेठ म्हणजे मालकांचे भाऊ. चहा मागवला. मला चहा मागवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे मला कळायला हवं होतं.

“आपल्यात बोलतोय म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “खोलीत गाणंबिणं चालतं म्हणे. मला त्याचं काही नाही. पण एक्स्पोर्टचा माल तिथं राहणार. ती मंडळी आत बसतात, उठतात. बरं दिसत नाही. बंद करून टाका. आणि ह्या सीझनपासून तुम्हाला पर्मनंट करायचं म्हणतोय मी.”

त्यांनी वस्तीचं नाव घेतलं नाही. ‘ती मंडळी’ एवढंच. मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. पुढच्या महिन्यात त्याच वस्तीतल्या बायका तीच द्राक्षं हातांनी निवडणार होत्या, घड घड करून खोक्यात भरणार होत्या. ते चालत होतं. ‘आपल्यात’ ह्या शब्दात मी मावत होतो आणि मिलिंद मावत नव्हता, एवढी साधी गोष्ट होती ती. मी “हो” म्हणालो. लगेच म्हणालो. चहा पुरता प्यायलोही.

रविवारी सगळ्यांना काय सांगायचं ह्याचा मी रात्रभर विचार केला आणि माझ्यासारख्या माणसाला सुचायचं तेच सुचलं. शेठ नको म्हणतात असं सांगितलं की का हे सांगावं लागलं असतं. ते तोंडानं उच्चारायची मला लाज वाटत होती. शेठना नाही म्हणायची हिंमत नव्हती. मिलिंदच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. सगळ्यांशी चांगलं राहायचं होतं. म्हणून मी किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, वर स्वेटर घातला आणि तीन वाजता धक्क्यावर उभा राहून म्हणालो, “किल्ली हरवली.”

मास्तर रिक्षातून उतरत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, निळा मफलर, हातात काठी. मिलिंदनं त्यांना धक्क्यावर क्रेट दिला. ऊन सौम्य होतं. ते बसले, छातीवर हात ठेवून दम खाल्ला आणि बंद दाराकडे बघत म्हणाले, “हेच का तुझं थेटर?”

मिलिंद माझ्याकडे आला. “मागच्या रविवारी कुलूप मी लावलं होतं. तुझ्याकडे दिली ना किल्ली?”

दिली होती. माझ्या हातात ठेवली होती आणि वर म्हणाला होता, सांभाळ, सुपरवायझर.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

मग शोधणं सुरू झालं. धक्क्याखाली कमरेइतकं वाळलं गवत होतं. चाळीस माणसं त्यात उतरली. खडीत, गटारीच्या कडेला, ट्रकच्या चाकांच्या खाचांत. पोरांनी रांगा केल्या, एकेकानं हातहात जागा वाटून घेतली. अन्वरनं एक जुना स्पीकर फोडून त्याचा लोहचुंबक काढला, दोरीला बांधला आणि गटारीतून ओढत फिरला. त्याला तीन खिळे आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण मिळालं. कुलूप पितळी, किल्ली पितळी. ती चुंबकाला लागत नाही, हे मला माहीत होतं. मी ते त्याला सांगितलं नाही. नंदाही उतरली होती, दिवाळसणाची साडी खोचून. तिच्या काठाला कुसळं लागली होती.

आणि मीही शोधत होतो. हे मला कुणाला सांगता येत नाही. मी वाकून, गवत दोन्ही हातांनी बाजूला करून, मन लावून शोधत होतो. वाकलो की खिशातली किल्ली छातीला टोचायची. एकदा तर मला खरंच वाटलं की मिळेल.

मास्तर बसून राहिले नाहीत. ते काठीनं गवत चाळायला लागले. मिलिंद “दादा, बसा” म्हणत होता. “दोन हात जास्त,” ते म्हणाले. तास गेला, सव्वा तास गेला. ऊन बागेआड जायला लागलं, गारवा आला आणि त्यांना खोकला लागला. मी त्यांच्या जवळ होतो. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं आणि ते सरळ उभे राहिले. त्यांचा तळवा माझ्या खिशापासून वीतभर अंतरावर होता.

“चला,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी ऐकू.”

सोमवारी किल्ली घरी खुंटीला होती, ती तिथं कशी आली हे मी विचारलं नाही, आणि लोखंड कापायची करवत घेऊन मी तेच कुलूप कापत होतो. हात दुखले. नवं कुलूप लावलं. शेठनी मशीन चालू करायला सांगितलं, ते मिलिंदनंच केलं. दोन दिवसांत खोली शून्यावर आली. माघात मास्तर गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. मिलिंदनं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर, त्याच खांद्यावर, डोकं टेकलं. सीझन संपला तसं मी ते पर्मनंटपण सोडलं, ठिबक विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात लागलो आणि त्याच्या वस्तीकडे जायचं बंद केलं. शहर तसं मोठं नाही. पंचवीस वर्षं एका माणसाला चुकवायचं म्हणजे बरीच मेहनत पडते.

आमच्या घरात एक नियम आहे, तो मी केला आहे. हरवलेली वस्तू शोधायची नाही. नवी आणायची. चष्मा, पेन, मुलीचं कानातलं, काहीही. मुलगी मैत्रिणींना सांगते, आमचे बाबा फार दिलदार. खरं एवढंच की घरातली माणसं पलंगाखाली वाकलेली मला बघवत नाहीत. मला कधी मास्तर स्वप्नात आले नाहीत, मिलिंदही नाही. स्वप्नात चेहरे नसतातच. फक्त गवत असतं आणि पाठी. एकीनंही वळून माझ्याकडे बघितलं असतं तर मी जागा झालो असतो. कुणी बघत नाही. सगळे शोधत असतात.

तर परवा त्या पत्र्याच्या हॉलमध्ये मिलिंद माइकशी बोलत होता. केस पांढरे झालेत, आवाज जाडावलाय. अन्वर त्याच्या शेजारी, दाढी मेंदीची. मी मागच्या अंधारात, स्वेटरमध्ये बुडालेला.

“आमचे दादा गायन पार्टीचे मास्तर,” तो सांगत होता. “माझं गाणं कधी ऐकायचे नाहीत. एकदा आले. द्राक्षांच्या फ्रीजमध्ये गायचो आम्ही तेव्हा. आणि नेमकी त्या दिवशी मी किल्ली हरवली. मागच्या रविवारी कुलूप मीच लावलेलं. कुणाला दिली, कुठं ठेवली, काही केल्या आठवेना. म्हातारा बाहेर बसून राहिला. मग गेलाच. तेव्हापासून,” त्यानं गळ्यातली दोरी शर्टातून बाहेर काढली, तिला सात-आठ किल्ल्या, “ह्या अशा. बायको म्हणते, आंघोळीला तरी काढा.”

लोक हसले. बाळीवाला हसला. अन्वर हसला नाही; त्यानं ही गोष्ट आधी पुष्कळदा ऐकली असावी.

“तर काका, तुमची किल्ली सापडेल. माझी नाही सापडली,” मिलिंद म्हणाला आणि गायला लागला. त्या दिवशी दादांना ऐकवायचं होतं तेच गाणं, असं म्हणाला. भिंतीवर टांगलेल्या ढोलकीचं. तो वर चढला, आवाज फाटला आणि त्या फटीतून मला पहिल्यांदाच आतलं दिसलं. मी आजवर समजत होतो की ती दुपार मी एकटा वाहतोय. अपराधी माणसाला असाही एक गर्व असतो. माझ्या ‘आठवत नाही’ ह्या दोन शब्दांचं ओझं पंचवीस वर्षं भलत्याच माणसाच्या गळ्यात होतं, आणि मी घरी बसून थंडीला दोष देत होतो.

नंदाला म्हणालो, तू खाली थांब. लोक पांगेपर्यंत थांबलो. मिलिंद वायर गुंडाळत होता.

“मिलिंद.”

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. बघत राहिला. “सुपरवायझर,” तो म्हणाला. “टक्कल पडलं की रे तुला. म्हणजे ते काका तू होय. सापडली का किल्ली?”

“हरवलीच नव्हती.”

“बरं झालं.”

“आजची नाही. तेव्हाची. तू दिली होतीस मला. माझ्या खिशात होती.”

त्यानं वायरचे आणखी दोन वेढे घेतले. मग हात थांबला. “कुठल्या?”

“शर्टाच्या. वरच्या.”

मी बाकीचं सांगितलं. शेठ, चहा, पर्मनंट. फार भराभरा सांगितलं. तो माझ्या छातीकडे बघत होता, जिथं खिसा असतो तिथं.

“दादा उठताना तुझ्या खांद्याला धरून उठले होते,” तो म्हणाला.

“हो.”

“शेठचं आम्हाला कळलं होतं रे. सोमवारी नवं कुलूप बघितलं आणि मशीन चालू करायला सांगितलं तेव्हाच. ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.” त्यानं वायर खाली ठेवली. “पण तू तेव्हाच म्हणाला असतास ना, शेठ नको म्हणतोय, तर आम्ही बाहेर धक्क्यावर वाजवलं असतं. पेटी होती. ढोलक होता. दादा समोरच बसले होते.”

हे मला पंचवीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. सव्वा तास ऊन होतं. चाळीस माणसं होती. गाणं उघड्यावर, लोकांत, मास्तरांना हवं होतं तसं. दार उघडायची गरजच नव्हती. आणि ते सगळे गवतात वाकले होते, कारण मी त्यांना तिथं पाठवलं होतं.

जिन्यातून अन्वरनं हाक मारली, वहिनी खाली थांबल्यात, चहा निवतोय म्हणून. मिलिंद गळ्यातल्या किल्ल्या मुठीत धरून उभा होता. त्यानं त्या काढल्या नाहीत आणि सोडल्याही नाहीत.

“जा आता,” तो म्हणाला. “वहिनी खाली थांबल्यात.”

मी माफी मागितली की नाही, खरंच सांगतो, मला आठवत नाही. आणि ह्या वेळी ते खरं आहे.

नंदाला मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच सगळं सांगितलं. तिनं पर्समधून किल्ली काढली. स्कूटर तिनं चालवली. मी मागे बसलो होतो आणि वाऱ्यात तिच्या शालीचं टोक माझ्या तोंडावर येत होतं. सातपूर गेलं, त्र्यंबक रस्त्यावरचे दिवे गेले, घर आलं. तिनं स्कूटर स्टँडवर लावली, हातमोजे काढले आणि एकावर एक ठेवून त्यांची घडी करत राहिली.

“त्या संध्याकाळी तुमचा शर्ट भिजवताना खिशात किल्ली लागली माझ्या हाताला,” ती म्हणाली. “मला वाटलं, सापडली. मी ती खुंटीला अडकवली आणि देवापुढं साखर ठेवली.”